जुन्या नकाशातले पळसदेव

उन्हाळा कडक असला आणि उजनी धरणाचे पाणी फारच खाली गेले, की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. भेगाळलेल्या गाळाच्या सपाटीवर उभे असलेले पळसनाथाचे दगडी देऊळ. २०२४ च्या उन्हाळ्यातही ते असेच बाहेर आले. माणसे होड्या करून बघायला जातात, जुने गावकरी नारळ फोडून येतात. चांगला पाऊस झाला की देऊळ पुन्हा पाण्यात जाते.

या देवळाभोवती एक गाव होते. इंदापूर तालुक्यातले, भीमेच्या काठचे पळसदेव. सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या उजनी येथे भीमेवर बांधलेले धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, आणि त्याच्या फुगवट्यात हे गाव आणि दोन्ही काठांवरची आणखी कितीतरी गावे गेली. गावकरी वर सरकले. पुणे–सोलापूर महामार्गावर आज जे पळसदेव लागते ते नवे. नाव तेच, जागा दुसरी.

छायाचित्र आपल्याला देऊळ दाखवते. पण नदी गावापासून किती लांब होती, शेजारच्या गावाला जाणारी वाट कुठून निघत होती, ओढा कोणत्या बाजूने येऊन मिळत होता, हे छायाचित्रात दिसत नाही. त्यासाठी धरणापूर्वीचा स्थलनिर्देशक नकाशा, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातली टोपोशीट, पाहावी लागते. भूगोलाच्या तासाला आपण तिच्यावरून खुणा आणि चिन्हे पाठ करून घेतो आणि परीक्षेनंतर विसरतो. पण ज्या गावाची जमीनच आता पाहता येत नाही, अशा गावाचा हा कागद हातात घेतला की त्या खुणांना एकदम वजन येते.

आधी पत्रक शोधायचे कसे ते पाहू. भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे चार अंश बाय चार अंशांचे मोठे चौकोन केले आणि त्यांना क्रमांक दिले. ७२ ते ७६ पूर्व रेखांश आणि १६ ते २० उत्तर अक्षांश यांमधला चौकोन म्हणजे ४७. त्याचे एकेक अंशाचे सोळा भाग पडतात. त्यांना इंग्रजी ए ते पी ही अक्षरे दिलेली असतात, आणि ती आडवी न जाता वरून खाली उतरतात, हे विसरले की पत्रक हमखास चुकीचे निघते. पहिल्या उभ्या रांगेत ए, बी, सी, डी. दुसरीत ई, एफ, जी, एच. या हिशेबाने ७४ ते ७५ रेखांश आणि १८ ते १९ अक्षांश म्हणजे ४७ जे. पळसदेव आणि भिगवण या चौकोनात येतात. धरणाची भिंत ७५ अंशांच्या थोडी पूर्वेला असल्यामुळे ती मात्र ४७ एन मध्ये जाते. प्रत्येक अक्षराचे पुन्हा पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे होतात, तेही वरून खालीच, आणि असा एक तुकडा म्हणजे आपल्या हातातले एक पत्रक. आपल्या शाळेच्या गावाचे अक्षांश–रेखांश घेऊन मुलांना पत्रकाचा क्रमांक काढायला सांगावा. पाच मिनिटांत जमते, आणि एकदा जमले की विसरत नाही.

जुनी पत्रके एक इंचाला एक मैल या प्रमाणाची. मैलाचे इंच ६३,३६०, म्हणून १:६३,३६०. मेट्रिक पद्धत आल्यावर १:५०,००० ची मालिका आली. तिच्यात दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. जुन्या पत्रकावर एक चौरस इंच म्हणजे एक चौरस मैल, म्हणजेच ६४० एकर. हे लक्षात ठेवले तर पुढची आकडेमोड सोपी जाते.

पत्रक हाती आले की आधी समास वाचावा. समासात सर्वेक्षणाचे वर्ष आणि छपाईचे वर्ष वेगवेगळे दिलेले असते, आणि आपल्याला हवे असते ते सर्वेक्षणाचे. जुन्या सर्वेक्षणावरून नव्याने छापलेल्या पत्रकात, छपाईच्या वेळी जलाशय भरलेला असूनही, कोरडे शिवार आणि नांदती गावे दिसू शकतात. असा कागद चुकीचा नसतो. तो सांगत असतो त्या वर्षापुरता बरोबर असतो.

मग रंग. वस्ती आणि रस्ते तांबडे, लागवडीची जमीन पिवळसर, झाडी हिरवी, समोच्च रेषा तपकिरी. पाणी निळे, पण इथे एक खोच आहे. उन्हाळ्यात कोरडा पडणारा ओढा काळ्या रेषेने काढतात. निळा रंग मिळतो तो बारमाही पाण्यालाच. त्यामुळे जुन्या दख्खनी पत्रकावर ओढ्यांचे जाळे बहुतेक काळे असते आणि निळाई नदीच्या पात्रात आणि विहिरींच्या ठिपक्यांत उरते. दुष्काळी मुलूख म्हणजे काय, हे मुलांना शब्दांनी सांगण्यापेक्षा हे काळे ओढे मोजायला लावावे. त्याच भागाचे नवे पत्रक शेजारी ठेवले की निळ्याचा मोठा पसरट डाग अंगावर येतो. त्या डागाखाली नकाशाने आधी काढलेले सगळे पुसले गेलेले असते. समोच्च रेषासुद्धा काठापाशी येऊन थांबतात.

आता आमच्या मते या विषयातला सर्वांत गोड भाग. जलाशयाचा काठ म्हणजे दुसरे तिसरे काही नसून एक समोच्च रेषा असते. पाणी साठले की त्याची पातळी सगळीकडे सारखी, आणि समान उंचीच्या ठिकाणांना जोडणारी रेषा म्हणजेच समोच्च रेषा. म्हणून धरण बांधायच्या आधीच्या नकाशावर, धरण पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येईल, हे पेन्सिलीने काढता येते. त्यासाठी फक्त एक आकडा हवा, पूर्ण भरल्यावरची पातळी.

उजनीची ही पातळी समुद्रसपाटीपासून ४९६.८३ मीटर. हा आकडा सोलापूर–इंदापूरकडच्या लोकांना तोंडपाठ असतो, कारण पावसाळ्यात तो रोज छापून येतो. पण जुन्या पत्रकांवरच्या रेषा फुटांत आहेत. ४९६.८३ ला ०.३०४८ ने भागा. उत्तर येते १६३०. मीटरमध्ये ओबडधोबड दिसणारा आकडा फुटांत असा गोळाबेरीज निघतो. आम्हाला तर यात फुटांच्या पट्टीवर काम करणाऱ्या अभियंत्यांचा हात दिसतो. खालची पातळी, जिच्याखालच्या पाण्याला मृत साठा म्हणतात, ती ४९१.०३ मीटर, म्हणजे १६११ फूट.

एक इंची पत्रकावर समोच्च रेषा साधारणपणे ५० फुटांच्या अंतराने असतात. म्हणजे १६०० ची रेषा आहे, १६५० ची आहे, १६३० ची नाही. ती आपण काढायची. दोन रेषांमधले अंतर पाच भागांत वाटून, खालच्या रेषेपासून तिसऱ्या भागावर ठिपका द्यायचा, असे ठिपके जोडत जायचे. दोन रेषांमध्ये उतार सारखा आहे असे आपण यात धरतो, आणि तो तसा नसतोच. तरीही पाचवी–सहावीतल्या मुलांनी काढलेली ही रेषा नव्या पत्रकावरच्या काठाशी ताडून पाहिली, तर दोन्हींचा आकार ओळखीचा वाटावा इतपत जुळायला हरकत नाही. ओढ्यांच्या तोंडाशी पाणी बोटांसारखे आत घुसते, ती बोटेही मिळतात.

१६३० आणि १६११ मध्ये फरक फक्त १९ फुटांचा. दुमजली घराइतका. एवढ्या उंचीच्या थरात धरणाचा सगळा उपयुक्त साठा मावतो, तो ५३.५७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. तेव्हा ५३५७ कोटी घनफुटांना १९ ने भागले की त्या थरातल्या पाण्याचे सरासरी क्षेत्रफळ निघेल: सुमारे २८२ कोटी चौरस फूट. चौरस मैल करा, १०१ येतात. जुन्या पत्रकावर हे क्षेत्र १०१ चौरस इंच, म्हणजे दहा इंच बाय दहा इंचांचा तुकडा. या भागातले एक पत्रक साधारण १७ इंच उंच आणि साडेसोळा इंच रुंद भरते. जुन्या पत्रकावर दहा इंचांचा चौकोन कापून ठेवला, तर त्याखाली किती गावांची नावे झाकली जातात ते मुलांना दिसते. पाणी अर्थात चौकोनी पसरत नाही, नदीच्या वळणांनी लांबच लांब पसरते. पण झाकलेल्या जमिनीचा अंदाज यावा म्हणून हा चौकोन पुरेसा आहे.

एवढी जमीन बुडण्याचे कारण पत्रकावरच दिसते. समोच्च रेषा एकमेकींपासून खूप लांब आहेत, म्हणजे खोरे सपाट आहे. समजा एखाद्या ठिकाणी १६०० आणि १६५० च्या रेषांमध्ये बरोबर एक इंच अंतर आहे. म्हणजे ५२८० फूट चालल्यावर जमीन ५० फूट चढते. पाणी एक फूट उतरले की तिथे काठ १०५ फूट मागे जातो, आणि १९ फूट उतरले की दोन हजार फूट. उन्हाळ्यात काठाकाठाने जी गाळपेर होते, ती याच उघड्या पडणाऱ्या पट्ट्यात. भिगवणजवळ रोहित पक्षी थव्यांनी उतरतात तेही याच उथळ कडेला. लांब पायांच्या पक्ष्याला गुडघाभर पाण्याचे मोठे मैदान हवे असते. कोयनेसारख्या अरुंद, खोल दरीतल्या धरणाचे पत्रक शेजारी ठेवून पाहावे. तिथे रेषा एकमेकींना चिकटलेल्या असतात. तिथेही गावे गेलीच, पण पातळी तेवढीच उतरली तर काठ फारसा हलत नाही.

‘उणे’ साठ्याचा घोळही इथे सुटतो. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेल्याच्या बातम्या होत्या. शून्याच्या खाली पाणी कसे असेल, असे मुले विचारतात, आणि त्यांचे बरोबर आहे. टक्केवारीतले शून्य म्हणजे कोरडे पात्र नव्हे, १६११ फुटांची पातळी. तिच्याखाली ६३.६६ टीएमसीचा मृत साठा आहेच, उपयुक्त साठ्यापेक्षा जास्त. उणे ६० म्हणजे ५३.५७ चे साठ टक्के, सुमारे ३२ टीएमसी, त्या मृत साठ्यातून गेले. तरी साडेएकतीस शिल्लक राहिले. पळसनाथाचे देऊळ पायापासून मोकळे होते ते या उण्यातच. त्यावरून जुन्या गावाची उंची आपण न जाताही एका बाजूने बांधू शकतो: देवळाचा पाया १६११ फुटांच्या खाली आहे. ज्या दिवशी पाया कोरडा झाला त्या दिवशीची पातळी कुणी टिपून ठेवली, तर दुसऱ्या बाजूनेही बांधता येईल.

नव्या पत्रकावर जुनी नदी पुसली गेली, असे आम्ही वर म्हटले. ते पूर्ण खरे नाही. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांची, म्हणजेच पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांची सरहद्द भीमेच्या पात्रावरून ठरलेली होती. धरण झाले, पात्र बुडाले, सरहद्द कुणी हलवली नाही. त्यामुळे आजच्या नकाशात जलाशयाच्या मधोमध जिल्ह्याची तुटक रेषा विनाकारण वळणे घेत जाताना दिसते. ती वळणे भीमेची आहेत. पाण्याखालच्या नदीची चाल प्रशासनाच्या रेषेत टिकून राहिली आहे.

डिकसळजवळ आणखी एक खूण सापडते. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरला पोचला, तो भीमा ओलांडत होता डिकसळच्या दगडी पुलावरून. धरणाचा फुगवटा येणार म्हणून लोहमार्ग दुसऱ्या जागी न्यावा लागला आणि जुन्या पुलावरून नंतर कित्येक वर्षे मोटारी आणि बैलगाड्या गेल्या. जुन्या पत्रकावर त्या जागी रेल्वेची काळी रेघ, नव्या पत्रकावर रस्ता. दोन पत्रके एकमेकांवर धरून उजेडासमोर केली की जुनी आणि नवी रेल्वे कुठे फुटतात आणि कुठे परत मिळतात ते दिसते. काचेच्या खिडकीवर हा प्रयोग उत्तम होतो. मात्र जुने पत्रक मैलाचे आणि नवे किलोमीटरचे असेल, तर आधी एकाची छायाप्रत दुसऱ्याच्या प्रमाणात आणावी लागते. १:६३,३६० चे पत्रक सुमारे १२७ टक्के मोठे केले की झाले.

या नकाशाला काय येत नाही, तेही पाहायला हवे. अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ एक इंची पत्रकावर प्रत्यक्षात ३२ मीटर रुंद असते. तेवढ्यात चार घरे आणि मधला बोळ बसतो. म्हणून गाव म्हणजे एक तांबडा पुंजका. त्यात आळ्या नाहीत, पार नाही, कुणाचा वाडा कुठे आणि गावकुसाबाहेर कुणाची घरे, यातले काही नाही. देवळाला खूण मिळते, पण ते कोणाचे ते क्वचितच लिहिलेले असते. वाड्या–वस्त्यांची नावे सर्वेक्षकाने कुणाला तरी विचारून, ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिलेली; ती परत मराठीत आणताना जुन्या माणसांना विचारल्याशिवाय भागत नाही.

शेताच्या बांधांसाठी दुसरा नकाशा आहे, महसुलाचा गाव नकाशा. त्याबाबतीत इंदापूर तालुक्याला फार जुना मान आहे. मुंबई इलाख्यातली ती प्रसिद्ध जमीनपाहणी गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी सुरू केली ती इथेच, आणि १८३६ मध्ये इथली आकारणी ठरली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. एका साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही आपण जमीन याच मापाने बोलतो. गाव नकाशात सर्व्हे नंबर, शिवेचे दगड, गाडीवाट, ओढे असतात. उंची मात्र नसते. स्थलनिर्देशक पत्रकात उंची असते, शेते नसतात. दोन्ही जुळवले, तर १६३० ची रेषा कोणत्या सर्व्हे नंबरातून गेली आणि कुणाचे अर्धे शेत वर राहिले, हे सांगता येते. विस्थापितांच्या घरांत हा प्रश्न अजून जिवंत आहे. आजोबा म्हणतात आपली काळी जमीन नदीला लागून होती, नातवाला ते सांगण्यापुरते वाटते. नंबर माहीत असेल तर बोट ठेवून दाखवता येते.

पण या दोन्ही नकाशांच्या फटीत एक जागा सुटते, ती नेमकी गावठाण. गाव नकाशात गावठाणाभोवती नुसती कड काढलेली असते. शेतीला सारा होता म्हणून शेते मोजली. बहुतेक लहान गावांतली घरे मोजण्याचे सरकारला कारणच नव्हते. गावठाणातल्या मिळकतींची ड्रोनने देशभर मोजणी व्हावी यासाठी स्वामित्व योजना आली ती २०२० मध्ये. पळसदेवचे जुने गावठाण त्याच्या चाळीस वर्षे आधी पाण्याखाली गेलेले. त्यामुळे तिथल्या आळ्यांचा नकाशा कुठे असेल तर तो माणसांच्या डोक्यात. १९७५ साली जे वीस वर्षांचे होते ते आज सत्तरीत आहेत. धरणग्रस्त गावांतल्या शाळांनी हे काम पुढच्या वर्षावर टाकू नये असे आम्हाला वाटते. कोऱ्या कागदावर देऊळ आणि नदी एवढेच काढून द्यावे आणि तीन–चार वृद्धांकडून वेगवेगळे भरून घ्यावे. एकत्र बसवले तर एकाचे ऐकून दुसरा आपले विसरतो. नंतर कागद जुळवताना जिथे भांडण होईल तिथे दोन्ही म्हणणी लिहावीत. बायकांना वगळू नये. पाणवठ्याची वाट, धुण्याची जागा, कोणत्या विहिरीचे पाणी खारे, हे त्यांनाच नीट आठवते, आणि लग्न होऊन त्या गावात आलेल्या असतील तर माहेरच्या वाटेसकट.

पत्रके मिळवणे पूर्वीइतके कठीण राहिलेले नाही. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वेक्षण विभागाने सर्वांसाठी वेगळी खुली मालिका काढली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांबाबतचे नियम आणखी सैल झाले. खुल्या मालिकेची पत्रके संगणकावर उतरवून घेता येतात. फक्त त्यांचे क्रमांक निराळे आहेत. आपल्या भागातली पत्रके ४७ ऐवजी ई ४३ ने सुरू होतात. जुन्या एक इंची पत्रकांसाठी महाविद्यालयांच्या भूगोल विभागांतली कपाटे धुंडाळावीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या नकाशा विभागाने काढलेली भारताची १:२,५०,००० ची पत्रकेही टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांना खुली केली आहेत. त्यांवर लहान वाड्या सापडणार नाहीत, पण धरणापूर्वीची नदी आणि रेल्वे पाहायला ती पुरतात.

जुन्या पत्रकावरचे अक्षांश–रेखांश मोबाइलमध्ये तसेच भरू नयेत. जुनी पत्रके एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेली आहेत, आणि मोबाइल उपग्रहांसाठी ठरवलेला दुसरा आकार वापरतो. आपल्या भागात दोन्हींत शंभरेक मीटरचा फरक पडतो. उघड्या माळावर तो खपून जाईल, पण बुडालेल्या गावात विहीर शोधताना शंभर मीटर म्हणजे गावाचे दुसरे टोक. त्यापेक्षा देऊळ बाहेर आलेले असेल तेव्हा त्याचीच नोंद मोबाइलवर घ्यावी, पत्रकावरच्या देवळाच्या खुणेशी ती जुळवावी आणि बाकीची अंतरे तिथून मोजावीत. मुलांना गाळात एकटे सोडू नये. वरून वाळलेला दिसणारा गाळ खाली ओला असतो आणि पाय गुडघ्यापर्यंत सहज जातो.